परदेशची विद्या आणि आपले विद्यापीठ



वसंत ऋतूतल्या संध्याकाळी नागरिकांनी एकत्र जमावे आणि आपल्या नित्याच्या व्यवसायापलीकडच्या एखाद्या विषयाचा विचार करावा, ही प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. ज्ञान हे विद्यालयाच्या आवारात कोंडून राहू नये, ते गावाच्या चव्हाट्यावर यावे, हा त्यामागील हेतू होता. आजचा आमचा विषय त्याच हेतूला धरून आहे. विद्यार्थ्यांनी परदेशी शिकावयास जाणे, परदेशच्या विद्यार्थ्यांनी आपल्याकडे येणे, आणि ह्या जाण्यायेण्यात विद्यापीठाने काय करावे, हा तो विषय होय. आणि विद्यापीठाइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, आपण नागरिकांनी काय करावे, हेही आम्हांला बोलावयाचे आहे.

परदेशी जावे की जाऊ नये, हा वाद आता उरलेला नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो मोठा कडाक्याचा होता. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यावे लागे, पंक्तीतून उठावे लागे. आता पंक्तीही तशा राहिल्या नाहीत आणि समुद्रही लोक विमानातून ओलांडतात. एकट्या अमेरिकेत २०२४-२५ ह्या शैक्षणिक वर्षात ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी शिकत होते. अन्य कोणत्याही देशाचे एवढे विद्यार्थी तेथे नव्हते. तेव्हा मुले जात आहेत, हे उघड आहे. प्रश्न पुढचा आहे. ती कशासाठी जातात, कोणाची मुले जातात, काय घेऊन जातात आणि काय घेऊन येतात? आणि आपले विद्यापीठ ह्यांत उतारे आणि दाखले शिक्का मारून देण्यापलीकडे काही करते काय?

ह्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी, आपल्याच मातीतून जी माणसे बाहेर शिकावयास गेली, त्यांच्याकडे एकवार पाहिले पाहिजे. त्यांची नावे आपल्याला पाठ आहेत, परंतु नाव पाठ असले की माणसाचे पुढचे काही आपण विचारीत नाही, अशी आपली खोड आहे.

आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून जहाजात बसल्या, तेव्हा त्यांना नुकते अठरावे पूर्ण झाले होते. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी १८८६ साली एम.डी. ही पदवी मिळवली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. ती जागा हाती घेण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्यांचा अंत झाला. ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिच्यातील एक पात्र आपल्या बोलण्यात मागे पडते. न्यू जर्सीमधील रोझेल नावाच्या गावात कार्पेंटर नावाच्या एक गृहिणी राहत होत्या. आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी चाललेली धडपड त्यांनी एका नियतकालिकात वाचली आणि ज्या मुलीला आपण कधी पाहिले नाही तिला पत्र लिहिले. पुढे तिला स्वतःच्या घरी उतरवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशीच्या नात्याने हाक मारीत. ह्या बाई कोणा विद्यापीठाच्या अधिकारी नव्हत्या. आपल्यासारख्याच एका गावातल्या नागरिक होत्या. परदेशी जाऊन शिकणे हे पुष्कळदा अशा एखाद्या घराच्या उंबऱ्यावर अवलंबून असते, एवढे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे आम्हांला ह्या उंबऱ्याविषयी बोलावयाचे आहे.

दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांना सरकारी नोकरीचे कोणतेही दार उघडे होते. ते परत आले ते फर्ग्युसन महाविद्यालयात, सरकारी नोकरीच्या मानाने अगदी तुटपुंज्या वेतनावर, आणि १९०२ साली तेथे प्राचार्य झाले. गेलेल्या माणसाने परत यावे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला परत येण्याजोगी संस्था येथे असावी लागते, हे आपण विसरतो. परांजप्यांची वाट पाहणारी संस्था पुण्यात होती, आणि ती त्यांनी आपली मानली होती.

आता दोन उदाहरणे अशी घेऊ की, ज्यांत परदेशातून नेमके काय आणावयाचे असते ते स्पष्ट दिसेल. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी, ही सूचना १८९७ साली पॅरिसला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत विंटरनित्स ह्यांनी केली होती. युरोपातील विद्वानांनी तयारी चालवली. पहिले महायुद्ध आले आणि ते काम थांबले. १९१९ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने ते हाती घेतले. परंतु शेकडो हस्तलिखिते समोर ठेवून त्यांतून सर्वांत जुना पाठ कसा निवडावा, हे शास्त्र सोपे नाही. १९२५ साली ह्या कामाची सूत्रे विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांच्याकडे आली. ते केंब्रिजला गणित शिकले होते आणि बर्लिनला ल्यूडर्स ह्यांच्या हाताखाली संस्कृताचे संशोधक म्हणून तयार झाले होते. पाठचिकित्सेची जी शिस्त त्यांनी तेथे पाहिली, ती त्यांनी येथील शास्त्री-पंडितांच्या पारंपरिक व्युत्पत्तीशी जोडली. त्यांचे आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले, ते स्वतः १९४३ साली गेले, आणि सबंध महाभारत १९६६ साली पुरे झाले. युरोपात सुरू होऊन थांबलेले काम पुण्यात तडीस गेले. बर्लिनहून आणलेली वस्तू कोणती? पदवीचा कागद नव्हे, पुस्तकांची पेटीही नव्हे. काम करण्याची एक रीत. आणि ती रीत घरच्या द्रव्यावर चालवली तेव्हाच तिचे चीज झाले.

दुसरे उदाहरण इरावती कर्वे ह्यांचे. त्याही बर्लिनलाच गेल्या आणि १९३० च्या सुमारास मानवशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आल्या. ज्या संस्थेत त्या शिकत होत्या, तेथे वंशश्रेष्ठतेच्या कल्पनांचा बोलबाला होता. कवटीच्या असमतोलाचा वंशाशी संबंध लावता येतो काय, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. आणि मोजमापे घेतल्यावर, तसा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष ह्या परक्या देशातून आलेल्या तरुणीने मांडला. गुरूच्या पायाशी बसून शिकावे, पण मोजपट्टी जे सांगेल तेच लिहावे, हा धडा त्यांनी तेथे घेतला असे म्हणा किंवा तेथे दिला असे म्हणा. पुढे डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी आपल्या माणसांचा अभ्यास पायी हिंडून केला. आणि त्यांनी 'युगान्त' लिहिले ते भांडारकर संस्थेच्याच चिकित्सक आवृत्तीच्या आधाराने. बर्लिनहून निघालेल्या दोन वाटा पुण्यात अशा एकत्र मिळाल्या, आणि त्यांतून मराठी वाचकाच्या हाती एक असे पुस्तक आले की जे घरोघर वाचले गेले. परदेशी शिक्षणाचा लाभ शिकणाऱ्यालाच होतो, असे जे म्हणतात त्यांनी ह्याचा विचार करावा.

कमला सोहोनींचे नाव येथे घेतलेच पाहिजे. केंब्रिजला त्यांनी वनस्पतींच्या पेशींतील श्वसनासंबंधी संशोधन केले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला समजल्या जातात. परत आल्यावर पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कशावर काम केले? नीरेवर, गरिबाला परवडणाऱ्या पोषणावर. प्रयोगशाळा परदेशातली पाहिली, प्रश्न मात्र घरचा घेतला.

आणि घरचा प्रश्न परदेशी घेऊन जाणारा विद्यार्थी कसा असतो, हे पाहावयाचे असेल तर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांकडे पाहिले पाहिजे. सयाजीराव महाराज गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मे १९१६ मध्ये तेथील मानवशास्त्राच्या एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. ज्या गोष्टीने त्यांचे आयुष्य जन्मापासून जखडले होते, ती त्यांनी वर्गाच्या मेजावर ठेवली आणि शास्त्राच्या कसोटीने तपासली. एवढ्या अंतरावर जाऊन आपलाच प्रश्न पाहिला, की तो नशिबाचा भाग राहत नाही. त्याची कारणे शोधता येतात. परदेशगमनाचा हा लाभ आम्हांला सर्वांत मोठा वाटतो. तेथून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुन्हा १९२० साली, काही स्वतःची शिल्लक, काही शाहू महाराजांचे साहाय्य आणि काही नवल भथेना ह्या मित्राकडून घेतलेले पैसे, असे जुळवून ते लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली पुस्तकरूपाने निघाला.

मध्यंतरी काय घडले? शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते १९१७ साली बडोद्यास नोकरीवर गेले. कोलंबियात शिकलेल्या ह्या माणसाला बडोदे शहरात राहावयास खोली मिळेना. एका पारशी खाणावळीत ते नाव बदलून राहिले. अकरा दिवसांनी काठ्या घेऊन माणसे आली आणि त्यांना तेथून बाहेर काढले. मित्रांकडे विचारले, त्यांनीही ह्या ना त्या सबबीवर नकार दिला. एका बागेत झाडाखाली काही तास काढून ते मुंबईस परत गेले. न्यूयॉर्कला ज्याला खोली मिळाली, त्याला स्वतःच्या देशात मिळाली नाही. रोझेल गावातला उंबरा आणि बडोद्यातला उंबरा, ह्या दोहोंची तुलना आपण प्रत्येकाने मनाशी करून पाहावी.

आतापर्यंत आम्ही जाणाऱ्यांविषयी बोललो. परंतु वाट दोन्ही बाजूंनी चालती असेल तरच तिला रस्ता म्हणावयाचे. सातव्या शतकात ह्यूएनत्संग चीनमधून नालंदेला शिकावयास आला. तो महाराष्ट्रातही येऊन गेला आणि येथील लोकांविषयी लिहून गेला. त्या काळी लोक आपल्याकडे शिकावयास येत. नंतरच्या काळातही ही ये-जा पुरती बंद पडली नव्हती. कीलहॉर्न ह्यांनी १८६६ ते १८८१ पर्यंत डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवले, येथील शास्त्र्यांपासून व्याकरण आत्मसात केले आणि मग ते गटिंगेनला प्राध्यापक झाले; त्याच गटिंगेनने १८८५ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. गोव्याच्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी पाली शिकण्यासाठी लंकेत आणि ब्रह्मदेशात गेले, आणि मग हार्वर्डने त्यांना 'विशुद्धिमार्गा'च्या संपादनासाठी बोलावून घेतले. कोसंबींचा दाखला आम्ही मुद्दाम देतो. परदेश म्हणजे फक्त विलायत आणि अमेरिका, अशी आपली समजूत आहे. कोसंबींना जे हवे होते ते कोलंबोच्या विहारात होते. म्हणून ते कोलंबोला गेले. आज एखाद्या विद्यार्थ्याला भूकंपशास्त्र शिकावयाचे असेल तर जपान, समुद्राला बांध घालणे शिकावयाचे असेल तर हॉलंड, अशी निवड विषयावरून व्हावी. शेजारच्या मुलाने कोठे नाव घातले त्यावरून होऊ नये.

१९६१ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था निघाली, तिचे पहिले ठाणे डेक्कन कॉलेजातच होते. तेव्हापासून कितीतरी परदेशी विद्यार्थी पुण्यात येऊन मराठी शिकले. एलिनॉर झेलिएट ह्यांनी आंबेडकरी चळवळीवर १९६९ साली प्रबंध पुरा केला. त्या चळवळीचा इतिहास इंग्रजीत शिकणाऱ्याला आजही त्यांच्या लेखनापाशी यावे लागते. जर्मनीचे ग्युंथर सोंथायमर धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या, खंडोबा आणि बिरोबा हे हायडेलबर्गच्या वर्गात अभ्यासाचे विषय करून ठेवले. गेल ऑम्वेट तर येथे आल्या, कासेगावच्या झाल्या आणि १९८३ साली त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. आपल्या घरातले जे आपल्याला दिसत नव्हते, ते ह्या पाहुण्यांनी पाहिले. धनगराची ओवी ऐकण्याजोगी आहे, हे सांगावयास आपल्याला हायडेलबर्गचा माणूस लागला, ह्यात थोडी लाज आहे. पण त्यात विद्येच्या देवघेवीचे सामर्थ्यही आहे.

आता आजची स्थिती पाहू. अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांचा आकडा आम्ही प्रारंभी सांगितला. ह्याच्या समोर दुसरा आकडा ठेवा. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ साली सबंध भारतात शिकणारे परदेशी विद्यार्थी ४६,८७८ होते, आणि त्यांत सर्वांत अधिक आपल्या शेजारच्या नेपाळचे. एका देशात आपले साडेतीन लाखांहून अधिक शिकत होते आणि साऱ्या जगातून आपल्याकडे २०२१-२२ साली पन्नास हजारही नव्हते. ही देवघेव नव्हे. ही एका बाजूने वाहणारी मोरी आहे, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावयाचे?

आमचे उत्तर असे की, मोरीला बूच मारून पाणी साठत नाही. मुलांना जाऊ नका म्हणून सांगण्याने काही साधणार नाही. पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यामुळे कितीतरी वर्षे मायदेशी परतू शकले नाहीत. अमेरिकेत शिकलेले शेतीशास्त्र त्यांनी मेक्सिकोच्या शेतकऱ्यांना दिले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवले, आणि शेवटी नागपुरात येऊन १९६७ साली देह ठेवला. त्यांची विद्या वाया गेली असे कोण म्हणेल? परत न आलेला प्रत्येक माणूस गमावला, असे नाही. परंतु त्याच्याशी नाते ठेवण्याची काही व्यवस्था मात्र असावी लागते, आणि ती व्यवस्था करणे हे विद्यापीठाचे काम आहे.

विद्यापीठाने काय करावे, ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, परदेशी शिक्षण म्हणजे सबंध पदवीच, ही समजूत मोडली पाहिजे. युरोपात १९८७ साली इरॅस्मस नावाची योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात जाऊन एखादे सत्र शिकून आले. पुढे ही संख्या लाखांनी वाढली. त्या योजनेचे मर्म विद्यावेतनात जेवढे आहे, त्याहून अधिक एका साध्या नियमात आहे: बाहेर शिकलेले सत्र घरच्या विद्यापीठाने आपले म्हणून मोजावयाचे. मुलगा सहा महिने बाहेर गेला म्हणून त्याचे वर्ष फुकट जाणार नाही, अशी हमी मिळाली की आईबाप त्याला पाठवतात. आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ह्या बाजूला तोंड वळवले आहे. २०२१ साली श्रेयांकांची पेढी निघाली. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांशी संयुक्त आणि दुहेरी पदव्यांचे नियम केले. नियम झाले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु नियम कागदावर आणि विभागप्रमुख आपल्या जागी अडून, असे झाले तर विद्यार्थी खिडक्या-खिडक्यांतून फिरत राहतो. आपला अभ्यासक्रम तिकडच्या कोणत्या अभ्यासक्रमाशी जुळतो, हे विद्यार्थ्याने जाण्यापूर्वी लिहून दिले पाहिजे. तो परतल्यावर त्याच्याशी वाद घालून नव्हे.

दुसरी गोष्ट भाषांची. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. त्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभागात कित्येक पिढ्या जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकल्या. संध्याकाळी नोकरी सांभाळून तेथे जाणारी माणसे ह्या सभेतही असतील. ह्या वर्गांची सांगड विज्ञानाच्या, शेतीच्या, इतिहासाच्या विद्यार्थ्यांशी घातली पाहिजे. इंग्रजीवर भागते, असे म्हणणारा माणूस कारखान्याच्या दारापर्यंत जातो. आतल्या कामगाराशी आणि कागदपत्राशी त्याची ओळख होत नाही.

तिसरी गोष्ट शिक्षकांची. एक विद्यार्थी बाहेर जाऊन आला तर एक माणूस शहाणा होतो. एक शिक्षक वर्षभर बाहेर राहून आला तर पुढची वीस वर्षे त्याचे वर्ग बदलतात. फुलब्राइटचा करार भारताशी १९५० साली झाला, जर्मनीची शिष्यवृत्ती देणारी संस्था १९२५ पासून आहे. साधने पुष्कळ आहेत. पण रजा मिळत नाही, बदली शिक्षक मिळत नाही, आणि परत आल्यावर त्याने काय पाहिले ते कोणी विचारीत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातील शिक्षकाला तर अर्ज कोठे करावयाचा, हेच पुष्कळदा कळत नाही. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राने वर्षातून चार वेळा जुन्नर, संगमनेर, बारामतीपर्यंत जाऊन हे सांगितले पाहिजे. केंद्र शहरात आणि गरजू तालुक्यात, हे अंतर अमेरिकेच्या अंतराहून मोठे आहे.

चौथी गोष्ट पैशाची, आणि तिथेच खरी गोम आहे. कोणाची मुले जातात? ज्यांना परवडते त्यांची, आणि ज्यांना परवडत नाही पण घर किंवा जमीन तारण ठेवून जी पाठवली जातात त्यांची. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी ठेवला. सयाजीरावांनी शिष्यवृत्त्या दिल्या. आज महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी आहे. त्या एका शिष्यवृत्तीचे मोल काय, ते आंबेडकरांच्या चरित्रावरून कळते. आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली की काय होते, तेही त्यांच्याच चरित्रावरून कळते. विद्यापीठाने आणि नागरिकांनी मिळून एक छोटा निधी उभारावा, आणि तो अशा ठिकाणी वापरावा जेथे मोठ्या शिष्यवृत्त्या पोहोचत नाहीत: पारपत्राचा खर्च, भाषेच्या परीक्षेची फी, पहिल्या महिन्याचे भाडे, थंडीचे कपडे. एवढ्या किरकोळ रकमांवाचून कितीतरी हुशार मुले अर्जच करीत नाहीत.

येथे पालकांशी चार शब्द बोलणे आम्हांला आवश्यक वाटते. मुलाला बाहेर पाठवण्याचे ठरवलेत, तर दलालाच्या कचेरीत जाण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः विचारा. ज्या विषयासाठी तो जातो, तो विषय त्या विद्यापीठात कोण शिकवते? ती पदवी येथे आणि तेथे मानली जाते काय? कर्जाचा हप्ता नोकरी लागली नाही तर कोण भरणार? आणि आपल्याला सल्ला देणाऱ्याला त्या परदेशी संस्थेकडून दलाली मिळते काय? पुष्कळदा मिळते, आणि मग तो सल्ला राहत नाही, विक्री होते. मुलगा आजारी पडला, एकटा पडला, नापास झाला, तर त्याने घरी न लाजता फोन करावा, एवढी मोकळीक त्याला देऊन ठेवा. कर्जाच्या ओझ्याखाली आणि आपल्या अपेक्षेच्या ओझ्याखाली तो तेथे एकटा बसलेला असतो, हे विसरू नका.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी आम्ही उंबऱ्याची गोष्ट राखून ठेवली होती. पुण्यात इराण, येमेन, अफगाणिस्तान, आफ्रिकेतील अनेक देश, अशा ठिकाणांहून विद्यार्थी आले आणि येतात. २०२१ साली काबूलमध्ये सत्तापालट झाला, तेव्हा येथे शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांना परतीची वाट उरली नव्हती आणि घरून पैसे येणे दुरापास्त झाले होते. ही मुले विद्यापीठात दिवसाचे पाच तास असतात. उरलेले एकोणीस तास ती आपल्यात असतात: आपल्या खोल्यांत, आपल्या खाणावळींत, आपल्या बसगाड्यांत. त्यांना पुणे विद्यापीठाने कसे वागवले, ह्यापेक्षा पुण्याने कसे वागवले हेच ती आयुष्यभर सांगत राहणार आहेत.

आणि खोली शोधताना त्यांना काय ऐकावे लागते? 'फॅमिलीलाच देतो.' 'सोसायटीचा नियम आहे.' 'आमच्याकडे असले खाणे चालत नाही.' रंग पाहून दार लावले जाते, नाव ऐकून भाडे वाढवले जाते. असे सर्वच करीत नाहीत, हे आम्ही जाणतो. आफ्रिकेतल्या मुलाला दिवाळीचा फराळ देणाऱ्या काकूही ह्याच शहरात आहेत. परंतु जे करतात त्यांना आम्ही एवढेच विचारू की, बडोद्याच्या त्या खाणावळीची हकीकत वाचून आपल्याला जी चीड येते, ती आपल्या जिन्यापाशी कोठे जाते? आणि आपला नातू मेलबर्नला किंवा म्युनिकला खोली शोधीत फिरेल, तेव्हा घरमालकाने त्याचा रंग पाहू नये असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

विद्यापीठाला आम्ही पुष्कळ कामे सांगितली. आपल्याला एकच सांगतो. ज्याच्या घरात एक खोली रिकामी आहे, त्याने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात आपले नाव नोंदवावे. खोली नसेल त्याने महिन्यातून एका रविवारी एका परदेशी विद्यार्थ्याला जेवावयास बोलवावे. त्याला मराठीचे चार शब्द शिकवावेत आणि त्याच्या भाषेचे चार शब्द आपण शिकावेत. रोझेल गावच्या बाईंनी ह्याहून अधिक अवघड असे काही केले नव्हते. त्यांनी पत्र लिहिले, आणि दार उघडले.

जगाशी संबंध जोडण्याचे करार कुलगुरूंच्या सहीने होतात. ते झाले पाहिजेत, अधिक झाले पाहिजेत. परंतु त्या सह्यांना अर्थ येतो तो आपल्या वस्तीत. मुलांना पाठवा, विषय पाहून पाठवा, कोणा दलालाच्या भिडेने नव्हे. गरिबाचे मूल जाईल अशी तजवीज करा. ती परततील तेव्हा त्यांच्यासाठी काम आणि संस्था तयार ठेवा. आणि जी मुले परक्या देशातून आपल्याकडे येतात, त्यांना आपल्या गावात रात्री निजावयास जागा मिळेल, एवढे पाहा.